नऊ हातांपैकी एक

“मफलर घेतलास का?” नोरानं दारातून विचारलं.

“कुठला?” लेन आतून म्हणाला. “माझा, तुझा, का तो नवा? नव्याचा तर अजून रंगसुद्धा ठरला नाही म्हणतात.”

“चेष्टा पुरे. बाहेर वारा आहे. छाती झाक.”

“माझ्या छातीला काळा-पांढराच मानवतो,” असं म्हणत लेन खुंटीवरचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर गळ्याभोवती गुंडाळत बाहेर आला. शेजारच्या खुंटीवरचा लाल-पांढरा नोराच्या गळ्यात आधीच होता. त्या घरात दारामागे दोन खुंट्या होत्या आणि संसाराच्या एकतीस वर्षांत एकदाही मफलरांची अदलाबदल झाली नव्हती.

एप्रिलातली संध्याकाळ होती, सहा वाजून गेले होते. सात वाजता हल शहरात एकाच वेळी दोन सभा भरणार होत्या. एक नदीच्या पूर्वेला, नोराच्या क्लबाची. दुसरी पश्चिमेला, लेनच्या. विषय मात्र एकच. आठवड्यापूर्वी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं होतं की रग्बीची नवी मोठी लीग निघते आहे, तिच्यात या शहराला एकच जागा आहे, आणि ती हवी असेल तर दोन्ही क्लबांनी एक व्हावं. एक नाव, एक मैदान, एक शर्ट. त्या दिवशी पावाच्या दुकानात, बसमध्ये, चर्चच्या दाराशी, कुठेच कुणी दुसरं काही बोललं नाही.

घरापासून बसथांब्यापर्यंत दिव्याचे पाच खांब होते. लेन दुसऱ्या खांबाशी थांबला आणि समोरच्या घराच्या पडद्यांकडे पाहत म्हणाला, “यांनी पडदे बदलले वाटतं.” चौथ्या खांबाशी थांबला तेव्हा बघण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्यानं बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती. नोराही पडद्यांबद्दल काहीतरी बोलली, नाडी बांधून होईपर्यंत आकाशाकडे बघत राहिली. त्याचा श्वास फासळ्यांत घासल्यासारखा वाजायचा. तरुणपणी वीस वर्षं उत्तर समुद्रात मासेमारीच्या बोटींवर, नंतर कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, बनवायच्या कारखान्यात, आणि दोन्हीकडे ओठांत सिगारेट. आता डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून नुसतेच हं हं करायचे.

बस आली. लेन पायरीवर चढून वळला. “सीमेपलीकडे चाललोय. काही आणू का?”

“पॅटी आण, येताना.”

“आणतोच. तुमच्या काठावरच्या पॅटीत बटाटा कुठे आणि मीठ कुठे!”

बस पुलाच्या दिशेनं गेली. नोरा मैदानाकडे चालू लागली.

*

नोरा मूळची गॉथॉर्पांची. तिचे वडील पूर्वेकडच्या गोदीत माल उतरवायचे, आणि गोदीतली सगळी माणसं लाल-पांढरी. पश्चिमेला हेसल रोडवर मासेमारांची वस्ती, ती सगळी काळी-पांढरी. मधून हल नदी. नदी रुंद नाही, पुलावरून चालायला तीन-चार मिनिटं लागतात. पण नोरा एकवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या वडिलांनी तो पूल वर्षातून फक्त एकदा, लेनच्या क्लबाशी त्यांच्या मैदानावर सामना असेल तेव्हाच ओलांडला होता. आणि अशा घरातल्या पोरीनं हेसल रोडच्या लेन स्टॅदर्सशी लग्न ठरवलं.

“माशांचा वास जाईल एक वेळ,” वडील म्हणाले होते. “त्या पट्ट्यांचं काय करणार?”

लग्नाला ते आले, जेवले, नाचलेसुद्धा. पण पुढची चार वर्षं जावयाशी थेट बोलले नाहीत. जेवणाच्या टेबलावर लेन समोर बसलेला असताना ते नोराला म्हणायचे, “त्याला म्हणावं, मीठ इकडे सरकव.” लेन मीठ सरकवायचा आणि म्हणायचा, “त्यांना सांग, मागच्या शनिवारी आमच्याकडून मार खाल्लाय, जखमेवर चोळायला का?”

मग अडुसष्टचा हिवाळा आला. तीन आठवड्यांत हेसल रोडच्या तीन बोटी बुडाल्या. एकीवर लेनचा धाकटा भाऊ टेड होता. लेन स्वतः मनगट मोडल्यामुळे त्या फेरीला गेला नव्हता, आणि आपण किनाऱ्यावर जिवंत आहोत याची त्याला इतकी शरम वाटायची की तो आईच्या घरी नुसता भिंतीकडे तोंड करून बसायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या घराचं दार वाजलं. बाहेर नोराचे वडील, खांद्यावर कोळशाचं पोतं. ते आत आले, टोपी काढली, शेगडीतली राख साफ केली, विस्तव पेटवला आणि कामावर गेले. आठवडाभर रोज तसंच. कुणाशी एक शब्द नाही. शेवटच्या दिवशी मात्र जाताना ते भिंतीकडे तोंड केलेल्या लेनसमोर उभे राहिले.

“पुढच्या महिन्यात आपला सामना आहे,” ते म्हणाले. “येशील ना?”

लेननं वर पाहिलं.

“ये. तुमच्यातला एकसुद्धा माणूस कमी असला तर तुम्हाला हरवण्यात मजा नाही.”

त्या दिवसापासून मीठ थेट मागितलं जाऊ लागलं. पुढे लेननं नदी ओलांडून पूर्वेला बिऱ्हाड केलं, कारण नोराला क्लबात काम मिळालं होतं. शर्ट धुण्याचं. मुख्य स्टँडच्या पोटात एक खोली होती. तिच्यात दोन यंत्रं, एक बॉयलर, दोऱ्या आणि शिवणाचं मशीन. सव्वीस वर्षं ती खोली नोराकडे होती. या सव्वीस वर्षांत कितीतरी खेळाडू पोरं म्हणून आले आणि नाकं मोडून, कान चुरगाळून घेऊन बापे म्हणून गेले. नोराला ते तोंडावरून कमी आणि शर्टावरून जास्त ओळखू यायचे. कुणाची डावी बाही आधी उसवते, कुणाच्या कॉलरला रक्त लागतं, कोण पराभवानंतर शर्ट उलटाच टोपलीत फेकतो.

आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती गोष्ट तर दोन्ही काठांवर अजून सांगतात. दोन्ही क्लब एकमेकांसमोर थेट लंडनला अंतिम सामन्यात. अख्खं शहर गाड्या भरून तिकडे गेलं. पूर्व जिंकली. लेन परतीच्या गाडीत नोराच्या शेजारी बसला नाही, डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. सोमवारी बॉयलर बंद पडला म्हणून नोरानं ते जिंकलेले शर्ट घरी आणून धुतले आणि मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातले. तासाभरात गल्लीत गर्दी. जो तो एक बटण तरी आठवणीला मिळेल म्हणून कुंपणावरून हात घालतोय. नोरा कामाला गेली होती. परत आली तर लेन दोरीखाली खुर्ची टाकून, हातात झाडू घेऊन बसलेला. गळ्यात काळा-पांढरा मफलर.

“सकाळपासून बसलोय,” तो म्हणाला. त्या सामन्यानंतर तो तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. “तेरा नंबरची बाही अजून ओली आहे. आणि हे बघ, यात आनंदानं काही केलेलं नाही मी.”

*

सभागृह मैदानाच्या मागे होतं, आणि खच्चून भरलं होतं. चारशे माणसं तरी असतील. नोरा बेरिल हार्करच्या शेजारी बसली. बेरिल तिची शाळेपासूनची मैत्रीण, क्लबाची चहाची टपरी चालवायची, आणि तिचा आवाज असा की लाउडस्पीकर बिघडला तर पंच तिच्याकडे बघायचे.

अध्यक्ष ब्रॉकल्सबी उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. त्यांची लाकडाची वखार होती आणि स्टँडचं छप्पर त्यांनी दोनदा आपल्या लाकडानं दुरुस्त करून दिलं होतं. ते कागदाकडे न बघता बोलले.

“मित्रांनो, मागच्या वर्षी आपण खालच्या वर्गात घसरलो. यंदा तर पलीकडच्यांशी आपला सामनाच नाही. पूर्वी त्या एका सामन्याला जेवढी माणसं यायची, तेवढी आता चार सामन्यांना मिळून येत नाहीत. पलीकडे काही वेगळं चाललंय असं समजू नका. वेगळे राहिलो तर दोघेही मोठ्या लीगच्या बाहेर. एक झालो तर एक तरी आत.”

“आत कोण?” बेरिल बसल्या जागेवरून ओरडली. “ते आत, आणि आम्ही त्यांच्या पोटात!”

टाळ्या. बाकांवर पाय आपटले गेले.

“बेरिल, मला बोलू दे.”

“आयुष्यभर तुम्हीच बोलताय, ब्रॉकल्सबी. मी चहा देतेय. आता माझं ऐका. माझा नवरा त्या गोलखांबामागं पुरलाय, म्हणजे राख पुरलीय त्याची, तुमच्या परवानगीनं. नव्या मैदानावर त्याला कसा नेऊ? चमच्यानं?”

हसू आलं, पण हसता हसता दोन-तीन जणांनी डोळे पुसले. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम टिपला आणि एकदम म्हणाले, “बरं, माझं खोटं वाटतं ना? नोराला विचारा. नोरा, सांग यांना. शर्टांची काय अवस्था आहे?”

नोराला हे अपेक्षित नव्हतं. ती उभी राहिली. सगळी डोकी वळली.

“आहेत शर्ट,” ती म्हणाली. “म्हणजे, राखीव खेळाडूंचे तीन वर्षांपूर्वीचे आहेत. मीच पुन्हा रंगवलेत. कॉलरी उलट्या करून शिवल्यात. काहींच्या दोनदा. मोजे पोरं आपापल्या घरचे आणतात.”

ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नव्हती. रविवारी दुरून ते शर्ट लालभडक दिसायचे, ते नोराचं कसब होतं.

“मग काय झालं?” बेरिल उठली. “मोजे आम्ही विणू! प्रत्येक घरानं एक जोड. काय गं बायांनो?”

आता मात्र छप्पर उडेल असा गलका झाला. त्या गलक्यातच मतदान पुकारलं गेलं. एक होऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हातांचं रान उभं राहिलं. नोराचे दोन्ही हात मांडीवर होते. बेरिलचं लक्ष नव्हतं, ती मागे वळून हात मोजत होती.

“व्हावं असं वाटतं त्यांनी?”

कुठे कुठे एकेक हात वर गेला. सहा. सात. आठ. एक शाळामास्तर, दोन दुकानदार, बाकी समितीतले. आणि मग नोरानं आपला हात वर जाताना पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. बोटांच्या टोकांना सोड्यानं पडलेल्या भेगा. नववा हात.

त्या क्षणी तिच्या मनात क्लबाचा हिशेब नव्हता, मोठी लीगही नव्हती. चौथ्या खांबाशी वाकून न सुटलेली नाडी बांधणारा लेन होता. यंदा तो त्याच्या मैदानावर मोजून तीन वेळा गेला होता. एकतीस वर्षं सामन्याच्या प्रत्येक दुपारी ती दोघं एकाच दारातून बाहेर पडायची आणि दोन दिशांना जायची. क्लब एक झाला तर एकच मैदान असेल, एकच बाक असेल. रंग कुठलाही असो. जेवढे रविवार उरलेत तेवढे रविवार.

हे ती चारशे माणसांसमोर कशी सांगणार?

बेरिल वळली. तिनं नोराच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आपली पिशवी उचलली आणि दोन रांगा पुढे जाऊन बसली.

*

लेन परत आला तो कागदात गुंडाळलेली पॅटी आणि चिप्स घेऊन. बसमधून उतरून पाच खांब चालल्यानं त्याला बराच वेळ बोलता आलं नाही, पण डोळे लकाकत होते.

“उडवून लावलं,” शेवटी तो म्हणाला. “एकमुखानं. एक म्हातारा तर खुर्चीवर चढला. तुमच्याकडे?”

“आमच्याकडेही.”

“शाबास. तू केलास ना हात वर?”

“केला,” नोरा म्हणाली, आणि चिप्सवर तिखट भुरभुरलं.

खोटं ती बोलली नव्हती. पण लेनला दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाल्याकडे खरं कळलं. पेपरवाला म्हणाला, “काय लेन, बायको तुमच्याकडे वळवलीस म्हणे!” लेनला आधी तो विनोद समजलाच नाही, मग पेपरवाल्यानं त्या नऊ हातांचं सांगितलं. घरी येऊन तो कोटासकट स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला.

“एक व्हावं म्हणून हात वर केलास?”

“हो.”

“तू? अगं, तुझ्या बापाला काय वाटेल?”

“बाप मेलाय, लेन. तू आहेस अजून.”

लेन तिच्याकडे बघत राहिला. किटलीतलं पाणी उकळून शिट्टी वाजू लागली तरी कुणी उठलं नाही. मग नोरानंच उठून ती बाजूला केली आणि पाठमोरीच म्हणाली, “मला एकदा तुझ्या शेजारी बसून मॅच बघायची होती. बस. एवढंच.”

“मग हे मला सांगायचं.”

“काय सांगायचं? एकतीस वर्षं एका पलंगावर झोपतोय आपण. आता या वयात म्हणू, मला तुझ्या शेजारी बसायचंय? लाज वाटते.”

लेननं कोटाची बटणं एकेक करून काढली.

“मी दोन्ही हात वर केले होते,” तो म्हणाला. “मोजणारा माणूस म्हणाला, एक खाली घ्या. म्हटलं, हा दुसरा माझ्या बायकोचा आहे, ती पलीकडे राहते. तिचे शर्ट गेले तर ती दिवसभर करणार काय?” त्यानं कोट काढून खुर्चीला अडकवला. “येडीच आहेस.”

“आहेच.”

“चहा दे.”

*

सोमवारी चहा मात्र क्लबात मिळाला नाही. बेरिलच्या टपरीसमोर नोरा उभी राहिली, तर बेरिलनं तिच्या मागच्या माणसाला विचारलं, “तुला काय देऊ?” तिकीटखिडकीतला म्हातारा रोज नोराला हाक मारायचा, त्यानं खिडकीची काच ओढून घेतली. कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. खोलीत येऊन तिनं शर्ट यंत्रात टाकले आणि यंत्राचा आवाज सुरू झाल्यावरच रडली.

दुपारी दारात कप्तान उभा राहिला. नील प्रॉक्टर, दिवसा लोकांचे नळ दुरुस्त करायचा, संध्याकाळी सराव. दारात मावत नाही एवढा रुंद, आणि बोलायला लागला की लहान मुलासारखा पायांकडे बघणारा.

“मावशी, ऐकलं ते खरं का?”

“खरं.”

“क्लब एक झाला असता तर दोन संघांतून एकच उरला असता. तेरा माणसं. माझं वय तेहतीस. मला कुणी ठेवलं नसतं.”

नोराच्या हातातला शर्ट तसाच राहिला. हे तिला सुचलंच नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या पोरांच्या शर्टांना ती टाके घालत आली, त्यांतली निम्मी घरी गेली असती, आणि तो हात वर करताना त्यांच्यातला एकही तिच्या डोळ्यांपुढे आला नव्हता.

“नील,” ती म्हणाली, “मला कबूल आहे. मी तुमचा विचार नाही केला. मी माझ्या नवऱ्याचा केला. त्याचं फार दिवस काही खरं नाही.”

एवढं स्पष्ट ती स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती.

नील पायांकडे बघत राहिला. मग त्यानं खिशातून मोज्यांची एक जोडी काढली. एका टाचेला मूठभर भोक.

“हे जमतील का?” तो म्हणाला. “बेरिल मावशीनं विणलेत. पण एक दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे, आणि पहिल्याच दिवशी फाटले. तिला सांगू नका.”

नोरानं मोजे घेतले. त्या भोकातून तिला स्वतःची बोटं दिसत होती. तिला हसू आलं, आणि ते आवरेना. मग नीलही हसला.

*

दोन्ही क्लब तसेच राहिले. मोठी लीग त्यांना न घेताच निघून गेली. शहरात दोन मैदानं, दोन गळकी छपरं, दोन चहाच्या टपऱ्या, आणि दोन्हीकडे रविवारी तीच ठरलेली माणसं. कुणी म्हणायचं हे दोघेही मरणार, कुणी म्हणायचं मेलो तर आपल्या रंगात मरू.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत लेनला पाचही खांबांशी थांबावं लागत होतं. पश्चिमेला जाणं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊब हवी. त्यांच्या घरात एवढी ऊब देणारं काही नव्हतं. म्हणून एका रविवारी ती म्हणाली, “माझ्याबरोबर चल. बॉयलरपाशी बस. वर बसायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. धुलाईच्या खोलीला काही क्लब म्हणत नाहीत.”

“मफलर काढणार नाही.”

“कोण म्हणतंय काढ?”

नीलनं व्हॅन आणली, नळाच्या लांबड्या नळ्या बाजूला सारून लेनला पुढच्या सीटवर बसवलं. खोलीत बॉयलरशेजारी खुर्ची मांडली होती. लेननं सव्वीस वर्षं नुसती ऐकलेली ती खोली नीट न्याहाळली. खुंट्यांवरचे आकडे, दोऱ्या, शिवणाच्या मशीनशेजारी बरणीत ठेवलेले तुटके दात, जे पोरं नेहमी परत न्यायला विसरायची.

त्या दिवशी लेनचा क्लब दुसऱ्या गावी खेळत होता. त्यानं लहान रेडिओ आणला होता. तो त्यानं मांडीवर धरला. वर स्टँडमध्ये नोराचा क्लब खेळत होता. खोलीतून मैदान दिसत नव्हतं, पण डोक्यावरच्या फळ्यांवर चार-पाचशे माणसांचे पाय होते, आणि नोराला त्या पायांची भाषा येत होती.

“आता आपला बॉल आहे,” ती वर बघत म्हणायची. “डावीकडून चाललेत. थांबले. नाही, पुढे गेले.”

“कशावरून?”

“ऐक ना.”

लेन एका कानानं रेडिओ ऐकत होता आणि दुसऱ्यानं छत. दोन सामने एका खोलीत चालले होते. मग एकदम वरच्या सगळ्या फळ्या एका वेळी धडाडल्या, छतातून धूळ पडली, आणि तो म्हणाला, “बॉल रेषेपार टेकवला? ट्राय?”

“आपला.”

“तुमचा,” लेन म्हणाला. पण त्यानं रेडिओचा आवाज कमी केला होता, हे तिनं पाहिलं.

मध्यंतरात दार ढकलून बेरिल आत आली. सहा महिन्यांत ती या खोलीत आली नव्हती. हातात एक पेला.

“हा त्याच्यासाठी आहे,” ती नोराकडे न बघता म्हणाली. “पाहुणा आहे तो. विरोधी असला म्हणून काय, तहान लागतेच.” तिनं पेला लेनच्या हातात दिला, त्याच्या बोटांचा निळसर रंग पाहिला, आणि बराच वेळ त्या बोटांवरून तिची नजर हलली नाही. मग पदर नसलेल्या बाईनं डोळे पुसावेत तसे बाहीनं पुसले आणि निघून गेली. पाच मिनिटांनी परत आली. दुसरा पेला तिनं शिवणाच्या मशीनवर ठेवला. साखर दोन चमचे, नोराला लागते तेवढीच.

उत्तरार्धात नोरानं आपली खुर्ची बॉयलरच्या दुसऱ्या बाजूला न ठेवता लेनच्या शेजारी ओढली. खांद्याला खांदा लागला. काही वेळ रेडिओतल्या माणसानं त्याच्या क्लबाची बाजू सांगितली, काही वेळ छतानं तिच्या क्लबाची. मग लेनचं डोकं हळूहळू तिच्या खांद्यावर आलं आणि त्याचा श्वास, तो घासणारा श्वास, सबंध वर्षात पहिल्यांदाच शांत आणि खोल झाला. त्याला झोप लागली होती.

सामना कुणी जिंकला हे नोराला कळलं नाही. वरचे पाय पांगले, फाटकाकडे गेले. मग बोळातून बुटांच्या खिळ्यांचा खडखडाट आला, तेरा माणसांची आरडाओरड, कुणीतरी गाणं म्हणत होतं. म्हणजे जिंकले असावेत. दार उघडलं. पुढे नील, अंगभर चिखल, भुवईवर ताजी जखम. नोरानं ओठांवर बोट ठेवलं.

नीलनं पाहिलं. मागे वळून त्यानं तळवा पसरला. गाणं जागच्या जागी थांबलं. मग त्या आडदांड माणसांनी एकेक करून दारातच बूट काढले आणि मोज्यांवर, बोटांच्या टोकांवर तोल सावरत आत आले. प्रत्येकानं आपला शर्ट डोक्यावरून ओढला आणि टोपलीत फेकला नाही. आत हात घालून तळाशी ठेवला. सर्वांत धाकट्यानं तर घडी घालून ठेवला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. जाताना प्रत्येकाची नजर क्षणभर त्या खुर्चीवर थांबायची, त्या काळ्या-पांढऱ्या मफलरावर आणि नोराच्या खांद्यावर टेकलेल्या पिकल्या डोक्यावर, आणि ते उघड्या अंगानं थंड बोळात निघून जायचे.

शेवटी नीलनं दार इतकं हळू ओढलं की कडीचा आवाजसुद्धा झाला नाही.

शर्ट लगेच भिजवले नाहीत तर चिखल धाग्यात बसतो आणि मग दुप्पट घासावं लागतं. यंत्र नोराच्या हाताच्या अंतरावर होतं. पण ते सुरू झालं की सगळी खोली हादरते. ती हलली नाही. खिडकीतला उजेड कमी होत गेला, बॉयलर मंद घुमत राहिला, आणि टोपलीतले तेरा शर्ट तसेच वाळत गेले.